खर्जाची सोयरीक

नागपूरमार्गे जाणाऱ्या मुंबई-हावडा लोहमार्गाची लांबी १९६८ किलोमीटर आहे आणि गोंदिया जंक्शन या मार्गाच्या जवळजवळ मध्यावर येते. दोन्ही टोके सुमारे हजार हजार किलोमीटरवर. बंगाल-नागपूर रेल्वेने १८९१ साली नागपूरपासून आसनसोलपर्यंतचा मार्ग पुरा केला, १९०० च्या सुमारास गाड्या थेट हावड्याला जाऊ लागल्या, आणि भाताच्या गिरण्या व विडीचे कारखाने यांच्या जोरावर हे गाव वाढत गेले. एवढा इतिहास शाळेतली मुलेही सांगतात. याच मार्गाने तांदळाच्या पोत्यांच्या संगतीने वाद्येही ये-जा करीत होती, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही. एका टोकाला मुंबईच्या धोबी तलावावरील वाद्यांची दुकाने, दुसऱ्या टोकाला कोलकात्याच्या लालबाजार भागातील रवींद्र सरणीवरची; आणि मधल्या स्थानकावर उतरणारा आमच्या भागातील वादक.

या लेखात मला त्या वाद्यांपैकी एकाचीच हकिगत सांगावयाची आहे: बेस गिटारची. खरे तर 'एका वाद्याची' हा शब्दप्रयोग येथे अपुरा पडतो. बेस गिटार, तिचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकरचा लाकडी बॉक्स या तिन्हींचे मिळून एक वाद्य होते. (मराठीत 'पेटी' म्हटले की बाजाची पेटी डोळ्यांपुढे येते, म्हणून स्पीकरच्या घराला आमच्याकडे बॉक्स म्हणतात, मीही तेच म्हणेन.) सतार विकत घेतली की तिचा भोपळा तिच्याबरोबरच येतो. बेस गिटारचा भोपळा वेगळा विकत घ्यावा लागतो, तो बहुधा दुसऱ्या दुकानात मिळतो, आणि दोघांचे जमेल की नाही हे विकणारा सांगेलच असे नाही. तेव्हा या वाद्याच्या खरेदी-विक्रीचा इतिहास हा एका सोयरिकीचा इतिहास आहे. आपल्या देशात ती सोयरीक जुळवली ती गावोगावच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी आणि सुतारांनी. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत.

खर्जाची भूक मनुष्याला फार जुनी आहे. तंबोऱ्याची चौथी तार, तबल्याजोडीतला डग्गा, ऑर्गनच्या पायपट्टीखालचे मोठे नळे ही सारी त्या भुकेचीच अपत्ये. अडचण अशी की खर्ज मोठे घर मागतो. ऑर्गनमध्ये सोळा फूट लांबीची उघडी नळी फुंकावी तेव्हा सुमारे ३३ हर्ट्झचा स्वर निघतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर लावलेली असते, आणि हवेत तिच्या एका लाटेची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर भरते. आमच्या कित्येक प्रार्थनामंदिरांची रुंदीही तेवढी नसेल. बोटभर जाडीच्या लाकडी फळीवर ताणलेल्या तारेने ती लाट स्वबळावर उठवावी ही अपेक्षाच चूक. जुना डबल बेस पुरुषभर उंचीचा होता तो याच कारणाने.

त्या अवजड वाद्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्न अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात सुरू झाले. सिॲटलच्या पॉल टुटमार्क यांनी गिटारसारखा आडवा धरून वाजवावयाचा विजेचा बेस बनविला होता, परंतु तो फारसा खपला नाही. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली आपला 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. पट्टीवर पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागतो, म्हणून हे नाव. पण शहाणपण पुढेच आहे. फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालविणारे गृहस्थ. वाद्य एकटे मुके आहे हे त्यांना ठाऊक होते. दुसऱ्याच वर्षी, १९५२ साली, त्यांनी या वाद्यासाठी खास 'बेसमन' नावाचा ॲम्प्लिफायर काढला, त्यात पंधरा इंचांचा एक स्पीकर होता. मुलगी दाखवली आणि पाठोपाठ घरही दाखवले.

पुढे या घरात भलतेच बिऱ्हाड आले. काही वर्षांनी बेसमनमध्ये दहा इंचांचे चार स्पीकर आले आणि त्याची पाठ उघडी ठेवली गेली. स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते; पाठ उघडी असली की मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि खर्जाच्या स्वरांत पुढच्या लाटेला पुसून टाकते. बेससाठी बनविलेला हा ॲम्प्लिफायर बेसवाल्यांपेक्षा साध्या गिटारवाल्यांनीच अधिक उचलून धरला. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालविणारे जिम मार्शल यांनी १९६२ साली आपला पहिला ॲम्प्लिफायर तयार करविला तो याच बेसमनच्या मांडणीवरून. जगभर गाजलेल्या त्या कर्कश गिटारनादाचे आजोळ असे खर्जाच्या घरात आहे.

खर्जाकडे निष्ठेने पाहणारे दुसरे गृहस्थ म्हणजे न्यूयॉर्ककडचे एव्हरेट हल. ते स्वतः डबल बेस वाजवीत. त्या वाद्याच्या तळाशी जी खुंटी असते तिच्यात त्यांनी ध्वनिग्राहक बसविला. 'ॲम्प्लिफाइड पेग', म्हणजे आवाज वाढविणारी खुंटी, यावरून त्यांच्या कंपनीचे नाव 'ॲम्पेग' पडले. १९६० साली या कंपनीने बंद पाठीच्या बॉक्सचा एक संच काढला. त्याचा ॲम्प्लिफायर झाकणाला उलटा जोडलेला असे. कार्यक्रम संपला की झाकण पालथे घालावयाचे आणि यंत्र बॉक्सच्या पोटात. ॲम्प्लिफायर आणि बॉक्स एकमेकांसाठी घडविलेले, एकत्र विकले जाणारे. घराघरांतून आणि ध्वनिमुद्रणगृहांतून हा संच मान्यता पावला. १९६९ साली याच कंपनीने ३०० वॅटचा प्रचंड ॲम्प्लिफायर आणला, त्याच्या प्रत्येक बॉक्समध्ये दहा इंचांचे आठ स्पीकर होते. तो उचलावयास दोन माणसे लागत.

ही जुळणी तोवर बरीचशी अंदाजाने चाले. तिला गणिताचा आधार दिला ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी, १९६१ साली. दहा वर्षांनी रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेले. स्पीकरचा कोन किती ताठ, किती जड, त्याचे स्वतःचे कंपन कोणते, यावरून त्याला किती घनफुटांचा बॉक्स लागेल आणि त्याला भोक ठेवावयाचे झाल्यास किती, हे या दोघांच्या सूत्रांनी आधीच काढता येते. आपण ख्रिस्ती माणसे पत्रिका पाहत नाही. पण स्पीकर आणि बॉक्स यांच्या बाबतीत ती पाहिलीच पाहिजे, आणि ती या दोघांनी मांडून ठेवली आहे.

आता मुंबईकडे वळू. धोबी तलावावर १८६५ पासून फुर्टाडो हे नाव वाद्यांच्या व्यापाराशी जोडलेले आहे. गोव्याच्या धर्मग्रामांतील संगीतशाळांत स्वरलिपी शिकून आलेले वादक आधी क्लबांत व हॉटेलांत आणि मग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले, ही गोष्ट आपल्या वाचकांना परिचित आहे. त्या वाद्यवृंदांत आरंभी डबल बेस होता. राहुल देव बर्मन यांच्या काळात बेस गिटार पुढे आली. त्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ ती वाजवीत. त्या गाण्यांतील खालची चाल कानांनी धरून देशभरातील पोरे बेसकडे ओढली गेली. पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या वादकांनी एवढे शिष्य करावेत, हे नवलच.

परंतु ओढ लागणे निराळे आणि वाद्य मिळणे निराळे. परवाना-राज्यात परदेशी वाद्य ही चैनीची वस्तू होती. आयात जवळजवळ बंद, जकात भारी. बाहेरची गिटार यावयाची ती जहाजावर नोकरी करणाऱ्या खलाशाच्या सामानातून, आखातातून परतलेल्या नातेवाइकाच्या हातून, किंवा परत जाणाऱ्या एखाद्या परदेशी वादकाने येथेच विकून टाकली म्हणून. आणि येथेच ती फाटाफूट सुरू झाली. खलाशी गिटार आणू शके. चाळीस-पन्नास किलोचा बॉक्स कोण आणणार? चुकून एखादा अमेरिकन ॲम्प्लिफायर आलाच तर तो त्यांच्या ११७ व्होल्टच्या विजेवर चालणारा. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला की धूर. त्याच्याबरोबर वीज उतरविणारा ट्रान्सफॉर्मर वागवावा लागे.

मग देशी मालावर भिस्त आली. कोलकात्यात गिव्हसनसारख्या गिटारी बनत. दिल्लीत १९४० साली स्थापन झालेल्या अहुजा रेडिओजचे ध्वनिवर्धक देशभरच्या सभामंडपांत पोहोचले होते. १९७० आणि १९७१ साली 'सिमला बीट' या स्पर्धेतील वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. आज त्या ऐकताना लक्षात येते की परदेशातील सामग्री हाती नसलेल्या मुलांनी मिळेल त्या तारा आणि मिळेल ते यंत्र यांतून स्वतःचा असा आवाज काढला होता. त्या आवाजाला खडबडीतपणा आहे. मला तो आवडतो.

हे सारे आमच्या झाडीपट्टीपर्यंत कसे आले? १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा, तसेच भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या प्रदेशात धान घरात आले की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रीच्या रात्री जागविल्या जातात. वडसा येथे नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत. गावोगावचे लोक तेथे येऊन प्रयोग ठरवितात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचे नाव बाहेरच्या वृत्तपत्रांत झळकले. येथे संगीत अद्याप समोर बसून वाजविले जाते. बेस गिटार त्यात फारशी दिसत नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. ऑर्गन, तबला, ढोलकी, पुढे ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड असा ताफा असतो. खर्ज पूर्वी ऑर्गनवाल्याच्या डाव्या हातात होता, आता कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात आहे.

हा ऑर्गन पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली स्वामित्वहक्क घेतलेल्या हार्मोनियमचाच भाऊबंद. मिशनऱ्यांनी तो प्रार्थनामंदिरात आणला आणि मराठी रंगभूमीने तो आपलासा केला. त्यामुळे आमच्या भागात चर्चचा वादक आणि नाटकाचा वादक यांना एकमेकांचे वाद्य परके वाटत नाही.

कीबोर्डने बेसवाल्याची जागा घेणे हीही जगाची रीत. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ च्या सुमारास बेस गिटारची नक्कल करणारे एक छोटे यंत्र काढले. नक्कल साधली नाही, म्हणून ते थोड्याच वर्षांत बंद झाले. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत गिटार वाजविणारे चरणजित सिंग यांनी मात्र तेच यंत्र घेऊन १९८२ साली दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली, आणि वीस-पंचवीस वर्षांनंतर परदेशातील जाणकारांनी ती शोधून डोक्यावर घेतली. बेसवाल्याला घरी बसविण्यासाठी निघालेल्या यंत्रातून राग निघाले.

नाटकाखेरीज या प्रदेशाचे दुसरे नादवेड म्हणजे धुमाल. नागपूरपासून गोंदियामार्गे दुर्ग-रायपूरपर्यंत लग्नाच्या वरातीत आणि विसर्जनात गाडीवर बॉक्स रचून वाजणारा हा ताफा ज्याने ऐकला आहे त्याला खर्ज छातीत कसा उतरतो हे सांगावे लागत नाही. त्याच्या अतिरेकाविषयी मी येथे लिहीत नाही. रुग्णालयाच्या दारावरून जाणारी वरात हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. येथे सांगावयाचे ते इतकेच की नाटक, धुमाल आणि मंडप डेकोरेशन या तीन धंद्यांमुळे आमच्या तालुक्यांच्या गावांत स्पीकर भरणारा आणि बॉक्स ठोकणारा कारागीर तयार झाला, आणि गिटार घेऊन आलेल्या मुलालाही त्याच्याचकडे जावे लागले.

गिटार आपल्या प्रार्थनामंदिरात येण्याचाही इतिहास आहे. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ च्या पत्रकाने पियानोला आणि ढोल-झांजांसारख्या गोंगाटी वाद्यांना चर्चमध्ये मज्जाव केला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी ऑर्गनचा मान राखून, उपासनेस योग्य ठरतील अशा इतर वाद्यांना परवानगी दिली; ५ मार्च १९६७ च्या सूचनापत्राने प्रत्येक लोकसमूहाची संस्कृती आणि परंपरा ध्यानात घेण्यास सांगितले. दार उघडले तशी गिटार आली. तिच्यामागून आता बेस गिटार येते. नाताळच्या आधी गायनमंडळातील तरुण देणगीचा पैसा गोळा करून ती आणतात, आणि तेथेच या लेखाचा विषय अंगाशी येतो.

कारण ती जोडली जाते चर्चच्या ध्वनिवर्धकाला. हा ध्वनिवर्धक उपदेश ऐकू जावा म्हणून बनविलेला असतो. त्याच्या पाठीवर ४, ८, १६ ओहमच्या जोडण्या असतात आणि शिवाय ७० वा १०० व्होल्टची एक जोडणी असते. लांबच लांब तारेवर अनेक स्पीकर लावावयाचे तर ती वापरतात, आणि त्या प्रत्येक स्पीकरच्या आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. बेसचा ८ ओहमचा बॉक्स त्या १०० व्होल्टच्या टोकाला लावला तर बॉक्स आणि यंत्र दोघेही धोक्यात. आणि भिंतीवरच्या उभ्या स्पीकरांतून किंवा भोंग्यातून बेस वाजविली तर? भोंगा साधारणपणे दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली बोलतच नाही. ४१ हर्ट्झची मूळ लाट बाहेर पडत नाही. तिच्यावरच्या उपस्वरांवरून कान तिची कल्पना करून घेतो. वाजविणाऱ्याला वाटते गिटार हलकी निघाली. तो ती निम्म्या किमतीत विकून टाकतो आणि महाग गिटार आणतो. तीही तशीच वाजते. दोष तिसऱ्याच जागी असतो.

गावचा मेकॅनिक हे नेमके ओळखत असे. त्याचे हिशेब साधे होते, पण ते चुकून चालत नसे. ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ४ ओहम होतात, ४ चे दोन जोडले की २. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला बहुधा ४ च्या खाली नेता येत नाही. नेले की ते तापते. व्हॉल्व्हच्या यंत्राची तऱ्हा उलटी, ते स्पीकर न जोडता चालू केले तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती. वॅटच्या आकड्याला तो भुलत नसे. वॅट दुप्पट केल्याने आवाज तीन डेसिबलनेच वाढतो. कानाला दुप्पट वाटावयास सुमारे दसपट वॅट लागतात. त्याउलट, एक सप्तक खाली उतरून तेवढाच जोर ठेवावयाचा तर कोनाला चौपट हलावे लागते. म्हणून बेसवाल्याला यंत्रापेक्षा स्पीकर आणि बॉक्स यांवर पैसा घालावयास तो सांगे. गिऱ्हाइकाला हे पटत नसे, कारण बॉक्स म्हणजे शेवटी फळ्याच.

जुना माल पारखण्याच्या त्याच्या रीती आजही खऱ्या आहेत. गिटारच्या मानेवर एका टोकाकडून डोळा लावून पाहावयाचे, मान वाकली आहे का. प्रत्येक पडद्यावर बोट ठेवून खरखर ऐकावयाची. खुंट्या घसरतात का ते पाहावयाचे. बॉक्स घेताना कोनाच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून तो हलकेच आत दाबावयाचा. आतून घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल गेली, आणि ती भरण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. दोन स्पीकर असतील तर दीड व्होल्टचा साधा सेल प्रत्येकाच्या टोकांना क्षणभर लावावयाचा: सेलचे धन टोक तेच ठेवले असता दोन्ही कोन एकाच दिशेने उडी मारतात का? एक पुढे आणि एक मागे गेला तर दोघे एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात. मी असे बॉक्स पाहिले आहेत की ज्यांत केवळ दोन तारा उलट लागल्या होत्या आणि त्यापायी सबंध संच मोडीत निघाला होता. जोडावयाची तारही पाहावी लागते. गिटारपासून यंत्रापर्यंत जाळी गुंडाळलेली बारीक तार, यंत्रापासून बॉक्सपर्यंत जाड दुहेरी तार. वरून दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात, आणि पहिली दुसऱ्या जागी लावली की ती तापते.

१९९१ नंतर आयातीची दारे किलकिली झाली, १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उरलेसुरले परिमाणात्मक निर्बंध उठले, आणि जी वाद्ये पूर्वी खलाशांच्या ट्रंकेतून येत ती दुकानांच्या काचेत आली. त्यापाठोपाठ नव्या धाटणीचे हलके ॲम्प्लिफायर आले आणि ॲम्प्लिफायर पोटातच असलेले तयार बॉक्स आले. कारखान्यानेच सोयरीक जुळवून पाठविलेली. ओहम विचारावयाचे नाहीत, सेल लावावयाचा नाही. यात वाईट काही नाही. लहान धर्मग्रामाने आज बेससाठी खरेदी करावयाची असेल तर मी हाच मार्ग सुचवीन, फक्त तो बॉक्स ४१ हर्ट्झच्या जवळपास खरोखर उतरतो का हे दुकानात जाड तार छेडून ऐकूनच पैसे द्यावेत. पण असा बॉक्स बिघडला की तो गोंदियात सहसा उघडत नाही. आतले छापील सर्किट सबंधच बदलावे लागते, ते शहरातून मागवावे लागते, आणि पुष्कळदा नवा घेणे स्वस्त पडते.

स्पीकर भरणाऱ्यांची दुकाने त्यामुळे कमी होत चालली आहेत. काहींनी मोबाइलची दुरुस्ती धरली. डेकोरेशनवाल्यांच्या गोदामात जुने प्लायवुडचे बॉक्स अजून एकावर एक रचलेले दिसतात. कोपऱ्यांना पत्र्याच्या पट्ट्या, पुढे लोखंडी जाळी, पाठीवर ब्रशने लिहिलेला ओहमचा आकडा. भंगारवाला येतो तेव्हा मागचे चुंबक वेगळे काढून घेतो, कारण त्याला लोखंडाहून निराळा भाव मिळतो. फळ्या तेथेच राहतात.